धाकटीचा गाळा आणि अकरा टक्के

धाकटीच्या जावयाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

शिवणकामाचा गाळा आमच्या वडिलांचा. त्यांच्यामागे धाकटीने तो चालवला आणि मी शेजारी बसून काजं-बटणं केली. पुढे माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. ती मात्र अजून रोज शटर उघडते. नवरा गेल्यावर त्या शटरनेच तिला उभं ठेवलं. आणि हे बँकेतले जावईबापू एका दुपारी तिथेच, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सांगायला लागले, "आई, गाळा विका आता. सगळे पैसे या ईटीएफमध्ये टाका. वीस-पंचवीस कंपन्यांचे शेअर एकत्र, त्यांचा लाभांश थेट तुमच्या खात्यात. अकरा टक्के! बसून खा."

गाळ्याला गिऱ्हाईकही त्यांनीच गाठलं होतं. शनिवारी सह्या.

"ताई, बँक सहा देते गं," धाकटी हरखून म्हणाली.

"मग हे अकरा कुठून आणतात?"

"मावशी, मी माझ्या मनाचं सांगत नाही. हे बघा ना, स्क्रीनवरच आहे. यील्ड, म्हणजे भावावर मिळणारा लाभांश, अकरा टक्के."

"ते दिसलं. आता मागचं दाखवा. कुठल्या वर्षी हातात काय पडलं ते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "एवढं खोलात जायची गरज नसते, मावशी."

माझं डोकंच फिरलं. वडील गेले तेव्हा मामाने कागदावर बोट ठेवून हेच सांगितलं होतं. माझ्या यजमानांच्या विम्याचा एजंटही हेच म्हणाला होता, वर हसला होता. बायकांनी सही करायची, खोलात जायचं नाही.

"बुडणार आम्ही, जावईबापू. खोली आम्हालाच बघू द्या."

नाइलाजाने त्यांनी यादी उघडली. ईटीएफच्या एका युनिटमागे आधी पाच रुपये, मग चार, पुन्हा चार, आणि गेल्या वर्षी एकदम सहा रुपये साठ पैसे.

"ही उडी कशी?"

"ते... खास वाटप होतं. एका मोठ्या कंपनीने आपला एक धंदा विकला, ते पैसे आले."

"यंदा पुन्हा विकणार आहे?"

"नाही, असं दरवर्षी नसतं."

"मग ते सोडून किती?"

"तीन."

"आणि युनिटचा भाव?"

"साठ. सुरुवातीला शंभर होता, पण बाजार..."

बाजाराचं राहू द्या, मी म्हटलं. गेल्या वर्षीचं फुगलेलं वाटप घ्यायचं आणि त्याला आजच्या पडलेल्या भावाने भागायचं, की झाले अकरा टक्के! भाव जितका पडेल तितका आकडा देखणा. साठावर तीन म्हणजे पाच टक्के, बँकेपेक्षाही कमी. शिवाय मुद्दल झिजतंय ते निराळंच.

धाकटीने गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळली. आमच्याकडे गिऱ्हाईक मागच्या महिन्यात येऊन गेलेलं असलं तरी माप नव्याने घेतात. वडिलांची शिस्त.

"म्हणजे माणूस आजारपणातून वाळून उठलाय, आणि तुम्ही त्याच्या जुन्या मापावर माझं कापड कापायला निघालात?" ती म्हणाली.

"आई, आकडा खोटा नाहीये. सगळे हाच दाखवतात."

"खोटा म्हटलंच नाही मी. त्या खास वाटपाचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा पुसला.

"माहीत होतं का?"

"होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही उगाच घाबरला असता."

उगाच! साठीच्या बाईचं रोजचं दार कायमचं बंद करायला निघाले होते, आणि तिची भीती उगाच!

"त्या माणसाला कळवा, गाळा विकायचा नाही," धाकटी म्हणाली.

"अहो आई, मी शब्द दिलाय त्याला!"

"शब्द तुमचा, गाळा माझा. आणि ते यंत्र उचला तिथून, मला इस्त्री करायची आहे."

संध्याकाळी भाचीचा फोन. घुश्शात होती. "मावशी, तू तरी आईला आवरायचंस. यांचा किती अपमान झाला!"

अपमान झाला म्हणे. त्यांचा!