लाँड्रीवरचं घर

"लिलावात घर घेतल्याचं सेल सर्टिफिकेट आणा, घर आमच्याकडे गहाण ठेवा, लगेच कर्ज देते," बँकेच्या कर्ज विभागातली बाई म्हणाली.

"अहो, पूर्ण पैसे भरल्याशिवाय लिलाववाली बँक ते देत नाही. आणि तुम्ही कर्ज दिल्याशिवाय मी भरू कुठून?"

बाईने चष्मा वर ढकलला. "लिलावातल्या घराचं हेच तर त्रांगडं असतं."

एक्सरेताई खुर्चीत सावरून बसल्या. हॉस्पिटलात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. उभं आयुष्य त्यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" असं सांगण्यात घालवलं होतं. लग्न राहून गेलं. वडील गेल्यापासून आई आणि त्या, दोघीच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. एके सकाळी त्यांनी पेपरात कुठल्याशा बँकेची जाहिरात वाचली. कर्ज बुडवलेल्या कोणाचं तरी घर लिलावात निघालं होतं. पत्ता त्यांनी दोनदा वाचला आणि कात्री शोधायला उठल्या.

ते लाँड्रीवरचं घर होतं. त्याच खोल्यांत भाडेकरू म्हणून त्यांचं बालपण गेलं होतं. खाली दिवसभर इस्त्र्या चालत आणि थंडीतही वरची फरशी कोमट असे. कांजीचा वास अंगावर घेत दोघं भावंडं पालथी पडून अभ्यास करत. वडील छापखान्यातली रात्रपाळी संपवून यायचे ते बूट हातात घेऊन, कोणाची झोप मोडू नये म्हणून.

लिलावात त्यांनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही. साठवलेल्या पैशातून पाव रक्कम भरली. उरलेली महिन्याच्या आत भरायची, नाहीतर भरलेलीही बुडणार होती.

"एक करता येईल," बाई म्हणाली. "आम्ही चेक थेट त्या बँकेला देऊ आणि सर्टिफिकेट हातोहात घेऊ. पण तुमची रिटायरमेंट जवळ आली, एकट्या पगारावर हप्ता झेपायचा नाही. सोबत सही करणारं कोणी आहे?"

"धाकटा भाऊ आहे," ताई म्हणाल्या.

धाकटा पाणीखात्यात होता. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन खोल्यांसाठी सगळी पुंजी घालवलीस?"

"आणि गच्ची."

त्याने कप बशीत गोल गोल फिरवला. "फरशी गरम असायची ना गं? मी पुस्तकावरच झोपायचो."

"आणि बाबांची चाहूल लागली की मी तुला चिमटा काढायचे."

"चिमटा कसला, अजून वळ असेल." तो हसला आणि कप बाजूला सारला. "कुठे करायची सही?"

"आधी घरी बायकोला विचार."

"विचारलं तर व्हायची नाही."

तरी त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "ती म्हणते, हप्ता चुकला तर गच्ची तिची."

मुदत संपायच्या आत चेक गेला, किल्ली आली. आईला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी तिला रिक्षात घालून दोघं तिथे घेऊन गेले. लाँड्री कधीच बंद झाली होती, खाली आता कोणाचं तरी गोदाम होतं. ताईंनी दारातच चपला काढल्या. फरशी गार होती.

आई जिना चढून आली, दम घेतला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"ओळखलंस?" ताईंनी उत्सुकतेने विचारलं.

"न ओळखायला काय झालं! इथेच तर उकडून निघाले मी."

ताईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल. किती ऊब असायची इथे..."

"तुम्हाला ऊब. मला खालून इस्त्रीची वाफ आणि समोर स्टोव्ह. मालकाला किती विनवलं, इथे एक खिडकी पाडू द्या. म्हणायचा, भिंत माझी आहे." आईने भिंतीवर तळवा ठेवला. "आता कोणाची आहे?"

"बँकेची," धाकटा म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"तुझी आहे, आई. फक्त बँकेला विचारावं लागेल."

"मग विचार की."

ताईंनी विचारलं. भिंत भार पेलणारी नाही, असं इंजिनियरकडून लिहून आणलं, चार खेटे घातले, परवानगी मिळवली. गवंड्याने विटा काढल्या तेव्हा त्या दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. हे घर होतं तसंच ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. शेजारची गच्ची, पाण्याची टाकी, दोरीवर वाळणारी एक चादर. चौकट अजून बसायची होती. आईने विटांच्या चुऱ्यातून स्टूल ओढत नेलं आणि त्या भगदाडापाशी बसली.

"चल आई, धूळ आहे तिथे," ताईंनी हाक मारली.

"थांब गं जरा," आई वळूनही न बघता म्हणाली. "वारा येतोय."