पदानुसार

"या बिसाहिनले लाठीमारातून काढ अन् चेंगराचेंगरीखाली टाक," अपर्णाच्या खुर्चीमागे उभे राहून चारुदत्त साहेब म्हणाले.

अपर्णानं माउसला हात लावला नाही. "ती चेंगरून नाही मेली, सर. मी बसमधून उतरून राहिली होती. गार्डनं डोक्यात लाठी घातली. दोनदा."

"तुले कोणी विचारलं?"

कोणी विचारलं नव्हतं हे खरंच. नवा रायपुरातल्या शहर विकास मंडळात अपर्णा कंत्राटी ऑपरेटर होती. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनी नोकऱ्यांसाठी फाटकावर धरणं धरलं आणि मंडळाच्या गार्डांनी त्यांना गुरासारखं बडवलं. आता चौकशीसाठी घटनेचा आराखडा द्यायचा होता. सॉफ्टवेअर मोठं सोयीचं. मुख्य मुद्दा लिहायचा, त्याखाली उपमुद्दे. मुख्य मुद्दा दुमडला की खालचे सगळे त्याच्या पोटात गडप. क्रम मात्र मंडळाच्या रिवाजाप्रमाणे. इथे लग्नाची पत्रिकासुद्धा पदानुसार वाटतात. म्हणून 'लाठीमार' या मुद्द्याखाली सर्वांत वर सुरक्षा अधिकारी: करंगळी खरचटली. मग माळी: जबडा फुटला. मग गावकरी: मोडलेले हात, एकाचा गेलेला डोळा. त्यांच्याही खाली बिसाहिन, पद नाही: मृत.

बिसाहिन फाटकाजवळ चहा-भजी विकायची. अपर्णा तिला तिकडच्या बोलीत दाई, म्हणजे आई, म्हणायची. धरण्याशी दाईचा काही संबंध नव्हता. पळापळ झाली तेव्हा ती कढई वाचवायला वाकली, एवढंच. पहिल्या फटक्यात ती खाली बसली, दुसऱ्यात कवटी फुटली. उकळतं तेल पायांवर सांडलं तरी ती ओरडली नाही.

"चेंगराचेंगरी म्हटलं की कोणाचीच चूक नाही," साहेब कानाशी वाकले. "समजून राहिली का?"

"मग तिच्या पोराले, हिरालालले काय सांगायचं? माय गाववाल्यांच्याच पायाखाली आली? सर, 'मारो सालों को' म्हणून गॅलरीतून तुमीच ओरडले. मी ऐकलं."

साहेबांनी तिचं मनगट पकडलं, पिरगाळलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. घड्याळाची काच फुटून कातडीत घुसली. मग दुसऱ्या हातानं त्यांनीच बिसाहिनला ओढून चेंगराचेंगरीखाली टाकलं आणि मुद्दा दुमडला.

"उद्यापासून येऊ नको. जाता जाता हे पदानुसार लाव अन् चौकशीवाल्यांना मेल कर."

कंत्राटी बाई काय करणार, याची साहेबांना खात्री होती. ते शर्टाच्या बाहीवरचा रक्ताचा डाग धुवायला निघून गेले.

अपर्णाला भीती वाटत होती. घरभाडं होतं, आजारी वडिलांच्या गोळ्या होत्या. पण संताप त्याहून मोठा होता. तिनं दुमडलेला मुद्दा उघडला, दाईला परत लाठीमाराखाली आणलं. मग सुरक्षा अधिकाऱ्याच्या करंगळीच्याही वर नवी ओळ टाकली:

अपर्णा धर्मपाल रामटेके. लाठी बसताना पाहिली, हुकूम ऐकला. मनगट: चारुदत्त साहेबांनी फोडलं.

पदाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. कंत्राटी माणसाला मंडळात पद नसतं. तिनं तो रकाना रिकामा सोडला आणि क्रम लावला. तिचं नाव वरून घसरत थेट तळाशी गेलं आणि बिसाहिनच्या खाली जाऊन थांबलं.

तिनं मेल पाठवला. मग ओढणीच्या टोकानं कीबोर्डवरचं रक्त पुसलं.