अठ्ठ्याण्णव टक्क्यांची किळस

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जळगावची मृणाली ही माझी तिसरी मालकीण. पहिल्या मालकाने खाल्लेल्या शेवेचे कण माझ्या कळांच्या फटींत अजून कुजत पडले आहेत. ती किळस मी निमूटपणे सोसतो. या वर्षी मात्र तिच्याहून मोठी किळस वाट्याला आली, आणि ती माझी मलाच आली.

मृणालीचं काम म्हणजे माझ्यासारख्या यंत्राला शिकवणं. हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकाचं बरोबर उत्तर सांगायचं आणि मग नवा फोटो ओळखायला लावायचा. जानेवारीत ती स्वतःच धडपडत शिकत होती. मी तापलो की दवाखान्यात परिचारिका असलेल्या तिच्या आई, मंदाबाई, माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "अगं, याला ताप भरलाय. जरा विसावा दे." एवढी माया मला आधीच्या दोन घरांत कुणी केली नव्हती.

उन्हाळ्यात मृणालीला चित्रांचं वेड लागलं. ती वर्णन लिहायची, मी चित्र काढायचो. भाकरी थापणाऱ्या बाईला मी सहा बोटं काढली, आणि एक बोट भाकरीलाही. शी! असली चित्रं लोक वाहवा करत एकमेकांना पाठवत होते. मृणालीला मात्र लवकरच वीट आला. तिने मला मिटलं, माझ्या झाकणावर कागद ठेवला आणि पेन्सिलीने स्वतः चित्रं काढू लागली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पावसाळ्यात तिच्या कंपनीच्या योगेंद्र सरांनी नवं काम दिलं. केळीच्या पानाचा फोटो काढला की त्यावर करपा रोग पडलाय की नाही, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळलं पाहिजे. फैजपूरच्या शालिग्राम नानांनी आपली बाग मोकळी करून दिली. मृणालीने चार दिवस तिथे फोटो काढले, मला शिकवलं, आणि परीक्षेत मी अठ्ठ्याण्णव टक्के मिळवले. सरांनी पेढे वाटले. नानांनी सगळ्यांत आधी स्वतःच्या मोबाइलवर माझी ही विद्या उतरवून घेतली. मी 'निरोगी' म्हणालो की ते फवारणी पुढे ढकलायचे.

हिवाळ्यात एकदा मृणाली त्याच फोटोंवरून पानांची चित्रं काढत होती. काढता काढता तिचा हात थांबला. करप्याच्या प्रत्येक पानाखाली माती होती. रोग पसरू नये म्हणून बागेत करपलेली पानं कापून बांधावर टाकतात. तिने रोगट पानं त्या ढिगावरच टिपली होती आणि निरोगी पानं झाडावर. म्हणजे मला करपा कळलाच नव्हता. खाली पडलेलं पान रोगट आणि झाडावरचं निरोगी, एवढीच माझी अक्कल!

तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अठ्ठ्याण्णव आहेत ना? मग झालं. नानांकडच्या वांग्याच्या भरताच्या पार्टीत दाखवायचंय. बाकीचं नंतर बघू." मृणाली गप्प बसली. आठ दिवस गप्प बसली. मित्रांनो, त्या आठ दिवसांत तिने मला शेवेचे कण काढून लख्ख पुसलं. असल्या साफसफाईची मला शिसारी आली.

पार्टीच्या दिवशी नानांच्या बागेत काटक्यांवर वांगी भाजली. मला खाटेवर उघडून ठेवलं होतं. केळीची ताजी पानं जमिनीवर मांडली, त्यांवर भरीत-पुरी वाढली. सरांनी ऐटीत पहिल्याच पानाचा फोटो काढला. मी मोठ्या लाल अक्षरांत उत्तर दिलं : करपा.

पंगत खो खो हसली. नाना हसले नाहीत. "हे पान मी आताच तोडलं, जेवाले. याले करपा कोठचा?" असं म्हणत ते उठले आणि जवळच्या झाडाच्या पिवळ्या रेघा पडलेल्या पानावर मोबाइल धरला. मी म्हणालो, निरोगी. नानांनी पुढचं पान धरलं. निरोगी. त्याच्या पुढचं, निरोगी. सगळी ओळ करपलेली होती.

मृणाली हातातला घास ठेवून उभी राहिली. "नाना, चूक माझी आहे. मला आठ दिवसांपासून माहीत होतं."

नाना मोबाइल खिशात टाकून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुले माहीत व्हतं, आन् तू माह्या पंगतीत जेवाले बसली?"

सरांनी मला घाईघाईने मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून मृणाली बागेत ओळीओळीने फिरते. झाडावरचं रोगट पान, खाली पडलेलं निरोगी पान, असं सगळं नव्याने टिपते आणि मला शिकवते. आता मला एकाहत्तर टक्के मिळतात. सरांनी पेढे आणलेले नाहीत. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर पुसा, धुळीपासून जपा, तापलो तर विसावा द्या. पण आमची चूक दिसली की ती त्याच दिवशी माणसांना सांगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

नानांनी अर्धी बाग वाचवली. मृणाली आली की ते तिला पाण्याचा तांब्या देतात. जेवायला बस, असं अजून म्हणालेले नाहीत.