अण्णांना गुडघेदुखी आहे

चिंचणीत कुणी शैलेश चुरीला वडिलांबद्दल विचारलं की उत्तर तयार असे: अण्णांना गुडघेदुखी आहे. खरं म्हणजे गुडघे ठणठणीत होते. त्याच गुडघ्यांच्या जोरावर रामनाथअण्णा दोनदा घर सोडून बाजारात पोचले होते, त्यात एकदा तर लुंगी न नेसता. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटलं, आणि शैलेशने तो शब्द घरी येईपर्यंत गिळून टाकला. दुसऱ्या दिवशी ओटीच्या जाळीला कुलूप लागलं. बायकोला, समिधाला, ताकीद मिळाली की घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे.

गंमत बघा, हाच शैलेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत समाजकार्याचा निधी वाटणाऱ्या समितीवर होता. इथलाच माणूस म्हणून त्याच्या शब्दाला वजन. बोईसरच्या एका केंद्राचा अर्ज आला. विसर पडत चाललेल्या म्हाताऱ्यांना तिथे दिवसभर सांभाळत, म्हणजे घरच्यांनाही जरा उसंत. खोलीचं भाडं आणि दोन बायांचा पगार एवढंच मागणं होतं. ते मिळालं नाही तर मार्चअखेर खोली सोडावी लागणार होती.

शैलेशने शेरा मारला: 'आमच्याकडे म्हातारी माणसं घरातच नीट सांभाळली जातात. अशा केंद्राची इथे गरज नाही.' लिहिताना त्याची छाती जरा फुगलीच. गेले चार महिने अण्णा किती शांत झाले होते! नीट जेवत होते, समिधावर ओरडत नव्हते. कुलपाचा गुण, दुसरं काय!

कंपनीच्या मुंबई ऑफिसातून समितीचं काम बघणारी किंजल मात्र चिवट बाई. "नाकारायचं तर बघून नाकारू, सर," ती म्हणाली, आणि बुधवारी अकरा वाजता दोघं फाईल घेऊन केंद्राच्या दारात उभी राहिली.

भाजी बाजाराच्या मागची एकच खोली. दहाबारा म्हातारी माणसं सतरंजीवर बसलेली आणि मधे चिकूंचा ढीग. वाडीवाले उरलासुरला माल पाठवत आणि ही मंडळी त्यातले लहान-मोठे वेगळे करत. केंद्र चालवणारी लाडकी मनोरकडची. ती पदर खोचून सांगत होती, "नावं इसरतात, ताई. पोरांची तोंडं पण इसरतात. पण हात नाय इसरत."

शैलेशचं तिकडे लक्ष नव्हतं. भिंतीला टेकून, निळ्या चौकडीच्या शर्टात, एकेक चिकू तळहातावर तोलून बाजूला ठेवणारा माणूस त्याचा बाप होता.

शैलेशची कंपनीची बस गेली की समिधा कुलूप उघडत असणार, अण्णांना रिक्षात घालत असणार आणि पाचच्या आत परत आणत असणार. अण्णांच्या नखांत चीक दिसायचा. त्याला वाटायचं, परसातल्या झाडाचा असेल. घरात माणसं तीन, त्यातल्या एकट्या शैलेशलाच पत्ता नव्हता, आणि शेरे मारायला हा पुढे!

लाडकी त्याच्याकडे बघत होती. तिने ओळखलं होतं. समिधाने फोटो दाखवला असेल, नाहीतर बापलेकांचं नाक तरी सारखंच होतं. पण तिने ओळख दाखवली नाही.

किंजल अण्णांजवळ टेकली. "काका, घरी कोण कोण असतं?"

"सून हाय. लय गुणाची."

"आणि मुलगा?"

"मुलगा कंपनीत मोठा साहेब हाय." अण्णांनी आवाज खाली आणला. "त्याला नका सांगू मी इथं येतो ते. लाज वाटते त्याला."

किंजल हसली आणि मान वर करून म्हणाली, "सर, काका तुमच्या भागातलेच आहेत का? ओळखता तुम्ही?"

"गावातले आहेत," शैलेश म्हणाला. "गुडघेदुखी आहे त्यांना."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. तरी अजून सावरता आलं असतं. तेवढ्यात लाडकी घाईघाईने म्हणाली, "हो ताई, गुडघे दुखतात त्यांचे. फार दुखतात."

तिला खोली वाचवायची होती. साहेब खोटं बोलला, तर तिलाही त्याच्यामागून खोटं बोलणं भाग होतं. दिवसभर त्याच्या बापाचं हगणंमुतणं काढणारी बाई आता त्याची लाजही झाकत होती. शैलेशला स्वतःची किळस आली.

त्याने किंजलच्या हातून फाईल घेतली आणि आपला शेरा खोडला. त्याच्याखाली, उभ्या उभ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: 'वरचा शेरा खोटा आहे. रामनाथ चुरी माझे वडील आहेत. मी त्यांना कुलपात ठेवत होतो. मला समितीतून काढा, पण केंद्र बंद पडू देऊ नका.'

किंजलने ते दोनदा वाचलं. "बाकीच्यांशी मी बोलते," ती हळूच म्हणाली. "खोली जाणार नाही." लाडकीने डोळ्यांना पदर लावला.

शैलेश सतरंजीवर बसला, अण्णांच्या समोर. साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, मी शैलेश. तुमचा मुलगा."

अण्णांनी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांना त्याची दया आली असावी.

"नाय हो, साहेब. तुमची काय तरी गफलत होते. माझा शैलेश चारचौघांत मला बाप म्हणायचा नाय."

आणि त्यांनी निवडायला थोडे चिकू त्याच्यापुढे सरकवले.