धवळ्याची सीडी

सीडी येणार, सीडी येणार म्हणून आमच्या गावाने जेवढी वाट बघितली तेवढी कधी कुणी धसईच्या एसटीचीही बघितली नसेल. आणि ती एसटी काय चीज आहे ते फाट्यावर उभं राहून ज्याचे पाय मोडलेत त्यालाच विचारा. एसटी निदान उशिरा का होईना, माणसं घेऊन येते. ही सीडी काय घेऊन आली ते ऐकाच.

माझी सासू सकुबाई धवलारीण. लग्नात धवळे, म्हणजे विधीची गाणी, म्हणणारी. तिने धवळा धरल्याशिवाय आमच्याकडे हळद जात्यात पडत नाही, नवरीच्या अंगाला लागत नाही, मांडवात पाट मांडला जात नाही. भटजीला उशीर झाला तर लोक तंबाखू मळत बसतात, धवलारणीला उशीर झाला तर नवऱ्याची आई रडकुंडीला येते. आजूबाजूच्या गावांतल्या अर्ध्या संसारांना माझ्या सासूने मार्गाला लावलंय, असं ती स्वतःच म्हणायची आणि खोटं नव्हतं ते. घरात मात्र तिचा माझा छत्तीसचा आकडा. मिठावरून भांडण, सरपणावरून भांडण. पण ती मांडवात उभी राहिली की मीसुद्धा पदर नीट करून गप्प बसायची.

दोन हजार चार सालच्या थंडीत माझ्या दामिनीचा साखरपुडा झाला. मुलगा शेणव्याचा, सुनिल नावाचा, आसनगावला कंपनीत. त्याचा बाप लडकूशेठ वीटभट्टीवाला. हातात चार अंगठ्या आणि तोंडात कायम स्वतःचंच नाव. स्थळ चांगलं म्हणून आम्ही खूश होतो. त्या साखरपुड्यात सासूने दोन धवळे म्हटले, तेव्हा लडकूशेठच्या ओळखीचा एक शेखर नावाचा माणूस आला होता. कल्याणकडे गाण्यांच्या सीड्या काढायचा. केसांना तेल एवढं की उशी वेगळी ठेवत असावा. तो म्हणाला, आजी, तुमचा आवाज सोनं आहे, आपण याची सीडी काढू, घराघरात टीव्हीवर दिसाल.

आठ दिवसांत तो कॅमेरा, माइक, वायरी घेऊन पडवीत हजर. सासू लग्नाचं नऊवारी लुगडं नेसली, तिने कपाळाला आडवं कुंकू लावलं. पण गायची वेळ आली तेव्हा ती अडून बसली. धवळ्यात नवरा-नवरीचं नाव घालावं लागतं. शेखर म्हणाला, कुठलंही घाला, नाहीतर नुसतं नवरी नवरी म्हणा. सासूने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने देवळात चप्पल घालून पाय टाकला.

"रिकाम्या पाटाला हलद लावतात काय रे? नाव नाय तं मी कोनाचं लगीन लावू?"

शेवटी तिने दामिनीचं आणि सुनिलचं नाव घातलं. साखरपुडा झालेलाच होता, दोघं ठरलेलीच होती, शुभाचं काम शुभाच्याच नावाने, असा तिचा हिशोब. दामिनी दाराआडून ऐकत होती आणि लाजून लाल झाली होती. दुपारभर सासू गायली. शेखरने तिला एक नायलॉनची साडी दिली, पाया पडला, आणि होळीपर्यंत सीडी येते म्हणून सांगून गेला.

मग जो तमाशा सुरू झाला त्याला तोड नाही. मुरबाडच्या स्टँडजवळच्या सीडीच्या दुकानात कागद लागला, हळदीची धमाल, लवकरच येत आहे. आमच्या गावातून जो मुरबाडला जाईल तो आधी त्या दुकानात डोकावणार, मग बाजार करणार. परत आला की ओट्यावर विचारणा, आली का? नाय आली, पुढच्या आठवड्यात येनारे. बायकांनी आपापल्या नावाची एक एक सीडी दुकानदाराला सांगून ठेवली. जिच्या घरात टीव्ही नाही तिनेसुद्धा.

सुनिल शेजारच्या फोनवर दामिनीला फोन करायचा. पोरगी हात पुसत धावत जायची. परत आली की मी विचारायची, काय म्हणाला? "सीडी आली का म्हनून इचारत होता." दरवेळी हेच. तू कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. त्याच्या नावाची सीडी येणार आणि तो कंपनीतल्या पोरांना दाखवणार, एवढंच डोक्यात.

सगळ्यांत जास्त वाट सासूच बघत होती, पण ती बोलायची नाही. एकदा माझ्यासमोर तांदूळ निवडताना म्हणाली, आपण गाताना कसं दिसतो ते तिने कधी बघितलंच नव्हतं. आणि दम आता पुरत नव्हता. गावातली एकही पोर तिच्याकडे धवळे शिकायला बसत नव्हती, दामिनीसुद्धा नाही. "मी गेल्यावर हिच्या पोरांना दिसन गो मी. आयकतील," म्हणाली. त्या दिवशी मी मिठावरून भांडले नाही.

होळी झाल्यावर एका रविवारी लडकूशेठच गाडी घेऊन आला. बरोबर सुनिल, कोरा सीडी प्लेअर आणि सीडी. दुकानात यायच्या आधी आपल्याला मिळाली म्हणून छाती पुढे. आमचा टीव्ही ओट्यावर काढला. लोडशेडिंग होतं, म्हणून लाइट येईपर्यंत सगळं गाव अंगणात ताटकळत बसलं. सासू पुढे, पाटावर. तिला मुद्दाम पुढे बसवली होती.

लाइट आली. आधी कव्हर हातोहात फिरलं. त्यावर सासूचा फोटो नव्हता. एक पोरगी होती, ओल्या साडीतली, आणि तिच्या खाली शेखरचं नाव चार ठिकाणी. सासूचं नाव मी उलटून पालटून शोधलं. कुठेच नव्हतं. मला वाटलं, आत असेल.

आत तिचा आवाज होता. फक्त आवाज. त्याची गती वाढवली होती, खाली कसलातरी ढोल बडवला होता, त्यामुळे ती कुणी चेटकीण ओरडत असल्यासारखी वाटत होती. आणि पडद्यावर ती पोरगी, वीतभर चोळी, बेंबीपासून खाली कॅमेरा हलायलाच तयार नाही, आणि तीन बाप्ये तिच्या अंगाला हळद चोळताहेत. आमच्यात नवरीला हळद सवाष्णी लावतात. बाप्याने हात लावला तर त्याचा हात मोडतील. आणि वरून माझ्या सासूचा आवाज सांगतोय, आमची दामिनी बाय गो पाटावर बसली, सुनिलरायाची हलद अंगाला लागली.

मला शिसारी आली त्या शेखरची, पण त्याहून जास्त शिसारी अंगणातल्या लोकांची आली. दामिनीला कडेवर खेळवलेले बाप्ये तोंड उघडं टाकून बघत होते. कुणीतरी शिट्टी मारली. आणि माझा होणारा जावई प्लेअरजवळ बसून म्हणाला, ते परत लाव, मागं घे. मागं घेतलं. परत माझ्या पोरीचं नाव, परत ती बेंबी.

सासूला आधी कळलंच नाही. तिने डोळे बारीक केले, बाजूच्या बाईला विचारलं, "ही कोन?" ती बाई म्हणाली, आये, ती तुजंच गानं म्हनते. सासूने पाट उचलला आणि ती टीव्हीकडे पाठ करून बसली. मी उठून बटण बंद केलं. अंगणातून नाराजीचा आवाज आला. किती निर्लज्ज असावीत माणसं.

मला वाटलं, निदान व्याही तरी माफी मागेल. आणला तर त्यानेच होता तो शेखर. लडकूशेठ खुर्चीत रेलून हसत होता. म्हणाला, सुनिलचं नाव पार कल्याण-भिवंडीपर्यंत जाणार. हळदीच्या दिवशी मोठा पडदा लावायचा, हीच सीडी चालवायची, आणि शेखर त्या नाचणाऱ्या पोरीलाही आणणार आहे, बोलणं झालंय. आमचे धनी धर्मा आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नाहीत, तेही तेव्हा म्हणाले की हे बरं नाही दिसणार. लडकूशेठने ते ऐकलंच नाही.

तेव्हा सासू वळली.

"ह्ये लावनार असाल तं मी या लग्नात उभी रानार नाय. धवळा म्हननार नाय."

धवलारणीने असं म्हणणं म्हणजे लग्नच मोडल्यात जमा. हळदीला धवळा नाही असं लग्न आमच्याकडे कुणी बघितलेलं नाही. आता तरी हा माणूस खुर्चीतून उठेल आणि तिचे पाय धरेल, असं मला वाटलं.

लडकूशेठने प्लेअरवर चार अंगठ्यांचा हात थोपटला.

"नका उभं राहू, आये. म्हातारपनी कशाला तरास? धवळा आहे ना ह्याच्यात. आवाज तुमचाच हाय."

सुनिल हसला. मला त्याचे दात दिसले आणि सासूचा चेहरा दिसला. तिच्याजवळ द्यायला किंवा अडवून धरायला जे एकच होतं ते त्या डबड्यात गेलं होतं आणि डबडं त्यांच्या हाताखाली होतं. अंगणात दोन-तीन जण माना हलवत होते, की बरोबर आहे, सोय झाली.

दामिनी पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती सुनिलकडे बघून बोलली, त्याच्या बापाकडे नाही.

"धवलारीन सीडीतली चालते ना तुमाला? मंग नवरी पन सीडीतलीच न्या."

सुनिलचं हसू तोंडावरच राहिलं. लडकूशेठ खुर्चीत सरळ झाला आणि माझ्याकडे बघायला लागला. पोरीला गप्प करणं आईचं काम असतं, आणि सगळं अंगण मी ते कधी करते याची वाट बघत होतं.

मी उठले, दामिनीच्या हातातला ट्रे घेतला आणि चहा तसाच आत नेऊन ठेवला.