आत्याचा अंगठा

तीस नोव्हेंबरला सकाळी आत्याचं वजन संपलं. उठून बघते तर ती छताला टेकलेली, मांडीवर विड्यांचं सूप तसंच.

"बघत काय बसलीस, खाली ओढ," म्हणली.

विड्या बांधायचा लाल दोरा मी तिच्या कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या मनगटाला. तशीच तिला पेन्शनच्या हापिसात नेली.

दर नोव्हेंबरला मशीनवर अंगठा ठेवायचा आणि आपण जिवंत आहोत असं दाखवायचं, तरच पेन्शन चालू राहते. आत्यानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. अंगठा गुळगुळीत झाला. महिनाभर मशीन रोज 'जुळत नाही' म्हणायचं आणि दरवेळी तिचं थोडं वजन जायचं. आज शेवटची तारीख. आज नाही जुळला तर पेन्शन बंद, बीपीच्या गोळ्या बंद, आणि दोरा तरी किती दिवस पुरणार.

रांग जितकी पुढं सरकायची तितकी खोली लांब व्हायची. शिपाई मधेमधे नवीन पंखा लावत होता.

"ओ, खोली थांबवा की," मी म्हणले.

"सकाळपासून कुणी बोललंच नाही तसं," तो म्हणला. "ये पुढं."

खोली आखडत आली. भिंती माझ्या कोपरांना लागल्या. समोर फक्त टेबल, मशीन आणि साहेब.

"मावशी, अंगठा."

आत्यानं वरून हात सोडला. जुळत नाही. ती अजून वर गेली, दोरा माझ्या मनगटात रुतला.

"रेषा कुठं ठेवल्या?" साहेबानं विचारलं.

आत्या आठवायला लागली. "हिच्या गालावर असतील. शाळा सोडली, वर सोलापूर सोडून पुण्याला जाते म्हणली. तवा एक ठेवून दिली होती."

मी गाल चाचपला. दोन वर्षं झाली, तरी तिथं खरखरीत लागत होतं.

"मग गाल ठेव," साहेब म्हणला.

"मारलं हिनं, आणि गाल मी ठेवू?"

"पेन्शन हिचीच हाय ना?"

ठेवला. काच गार होती. हिरवा दिवा लागला, कागद बाहेर आला. नरसव्वा येमूल, हयात.

धप्प आवाज झाला. आत्या दोन पायांवर उभी होती.

"गुडघे दुखायलेत की गं," ती खुशीत म्हणली.

मी हसले. गाल एकदम गुळगुळीत झाला होता. तिच्यावरचा राग शोधला, तो पण सापडेना. मग माझ्या चपला खाली पडल्या. मी मात्र पडले नाही.

"आत्या."

तिनं वर बघितलं. दोरा मुठीत गच्च धरला. बराच वेळ धरला. मग कमरेचं टोक सोडलं, पिशवीतून दोऱ्याचं अख्खं रीळ काढलं आणि टोकाला टोक जोडून गाठ मारली.

"पुणं कुठल्या अंगाला आलं?" तिनं शिपायाला विचारलं.

त्यानं त्या बाजूची खिडकी उघडली. आत्या ढील द्यायला लागली.