मौनी अण्णांचे डोळे

फडताळातल्या डब्यावरचं पितळी झाकण घसरलं, फरशीवर आपटलं आणि गरगर फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं. दुपारची निजानीज झाली होती. माई दचकून उठून बसल्या. उत्तरा झोपेतच "काय गं आई" म्हणून कुरकुरली. कुंदानं धावत जाऊन झाकणावर पाय ठेवला, तेव्हा कुठे ते गप्प झालं.

पाळण्यात नंदू तसाच झोपलेला. पाळण्याखालच्या गोधडीवर जाई, उत्तरानं पाळलेली पांढरीशुभ्र मांजर, तीही तशीच. दोघांची पोटं तेवढी वरखाली होत होती.

"गुणाचं गं माझं ते," माई म्हणाल्या. "याचा बाप या वयात पान हललं तरी भोकाड पसरायचा. हा बघ. अण्णांचं समाधान उतरलंय याच्यात."

अण्णा म्हणजे माईंचे चुलतसासरे. कोकणातल्या घरी ओटीवरच्या झोपाळ्यावर जन्मभर मौन धरून बसलेले. कुंदानं त्यांना पाहिलं नव्हतं, पण लग्न होऊन अंधेरीच्या या दोन खोल्यांत आल्यापासून त्यांच्याविषयी इतकं ऐकलं होतं, की ते डोळ्यांपुढे उभे राहत. निळे डोळे, कपाळावर लहानपणापासूनच पांढऱ्या केसांची बट, आणि तोंडून कधी एक शब्द नाही. लोक लांबून दर्शनाला येत. नंदू जन्मला तो तेच डोळे, तीच बट घेऊन. माईंनी पेढे वाटताना प्रत्येकीला सांगितलं होतं, "आमचे मौनी अण्णा परत आले हो घरात." बायका बाळाला बघायला येत त्या आधी डोळेच बघत. कुंदा रोज तीट लावी, ती जरा मोठीच.

जाईचं मात्र कौतुक कुणाला नव्हतं. हाका मारून घसा बसला तरी ती ढुंकून बघत नसे.

"गोऱ्या कातडीचा माज, दुसरं काय," माई म्हणत.

त्या रविवारी मधुकर आला. कुंदाच्या नवऱ्याचा, विद्याधरचा, शाळेपासूनचा मित्र, आरे कॉलनीत गुराढोरांचा डॉक्टर. तो टेकतो न टेकतो तोच उत्तरानं जाईला त्याच्या मांडीवर आणून टाकलं.

"काका, हिला औषध नको. नुसतं ऐकायला शिकवा."

"तुझ्या बाबाला शिकवता आलं नाही मला इतक्या वर्षांत, हिला काय शिकवू?" मधुकर म्हणाला.

विद्याधर हसला. मधुकरनं जाईचं तोंड उजेडाकडे धरून डोळे बघितले. मग तिला खाली ठेवलं, पाठीमागे गेला आणि एक जोरदार टाळी वाजवली. माईंच्या हातातली सुपारी सांडली. जाई आपला पंजा चाटत राहिली.

"वाटलंच. बहिरी आहे ही. उगाच बोलता बिचारीला. अंग पांढरं आणि डोळे निळे असले, की मांजरं पुष्कळदा अशीच निघतात. जन्मतःच. रंग आणि कान आत कुठेतरी एकाच दोरीला बांधलेले असतात. एक सुटला की दुसराही..."

कुंदा चहाचा कप घेऊन उभी होती, कडेवर नंदू. कप घ्यायला मधुकर वळला आणि त्याची नजर नंदूच्या कपाळावर गेली. बटेवरून ती डोळ्यांवर आली. नंदू त्याच्याकडे बघून खुदकन हसला. मधुकरचं वाक्य पुरं झालंच नाही.

"साखर बरोबर आहे ना, भावजी?" कुंदानं विचारलं.

"हो, हो. झकास," तो म्हणाला. कप अजून त्यानं तोंडालाही लावला नव्हता.

एरवी जेवल्याशिवाय न हलणारा माणूस, त्या दिवशी काम आहे म्हणून लगेच उठला.

संध्याकाळी कुंदानं विद्याधरपाशी विषय काढला. "अहो, भावजींनी नंदूकडे कसं बघितलं, पाहिलंत ना?"

"अगं, मांजराचं माणसाला काय लावतेस? आणि तो म्हशींचा डॉक्टर." त्यानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. थोड्या वेळानं ती पाणी घेऊन आली, तर तो पाळण्याच्या उशाशी उभा राहून चुटक्या वाजवत होता. तिला बघताच मच्छरदाणी नीट करू लागला.

दुसऱ्या दिवशी माई वाती वळत बसल्या होत्या. कुंदा शेजारी जाऊन बसली.

"माई, अण्णांना ऐकू यायचं का हो?"

"म्हणजे? एवढा साधक माणूस तो."

"तसं नव्हे. मागून हाक मारली तर वळून बघायचे का?"

"हाक कोण मारणार त्यांना? समोर जायचं, पायांना हात लावायचा. तशी रीतच होती." माईंचा हात मांडीवरच थांबला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जेवायला उठवायचं, तर सासूबाई झोपाळ्याला धक्का द्यायच्या."

हातातली वात माईंनी उलगडली, पुन्हा वळली, पुन्हा उलगडली. "मुलगे उशिरा बोलतात," त्या म्हणाल्या, पण नेहमीसारख्या ठसक्यात नव्हे.

दुपारी नंदू चटईवर बसून आमटीचा डाव आपटत होता. कुंदा त्याच्या पाठीमागे दाराशी उभी राहिली. आज ना उद्या हे करायलाच हवं होतं.

"नंदू."

डाव आपटत होता.

"नंदकिशोर. सोन्या. माझ्या राजा. छबुकड्या."

होती नव्हती ती सगळी लाडाची नावं तिनं घेतली. शेवटी इतक्या मोठ्यानं हाक मारली, की शेजारणीनं खिडकीतून "काय झालं हो?" म्हणून विचारलं. नंदूची मान हलली नाही. ती जवळ गेली, तिची सावली चटईवर पडली. तेव्हा त्यानं तोंड वर केलं, हसला आणि दोन्ही हात पुढे केले.

तिनं त्याला छातीशी धरलं. सवयीनं ओठांवर अंगाईची ओळ आली. आणि नेहमीसारखाच त्यानं आपला इवलासा तळवा तिच्या गळ्यावर ठेवला. हा लाडानं असं करतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं. आता कळलं, तो गाणं हातानं शोधत होता. ती गात राहिली. आवाज फुटला तरी थांबली नाही, कारण थांबली असती तर त्यानं हात काढून घेतला असता.

उत्तरा केव्हा येऊन शेजारी टेकली ते तिला समजलंच नाही.

"आई, मी काल नंदूच्या मागे टाळी वाजवली. काकांसारखी."

कुंदानं मान हलवली.

"आजीला नाही सांगितलं मी." उत्तरानं नंदूचं पाऊल हातात घेतलं, त्याची बोटं एकेक करून कुरवाळली. "पण बारशाला आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, कुर्र करून. ते त्याला कळलंच नसेल ना?"

"नसेल."

"मग आई, तो मनातल्या मनात स्वतःला काय म्हणत असेल?"